बर्फ जमला नाही तर बरणी

(दृश्य: एस्पो, फिनलंड. डिसेंबर, दुपारचे साडेतीन. सूर्य मावळलाय. ओट्यावर काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी.)

डिसेंबरात हेलसिंकीकडे दिवस जेमतेम 6 तासांचा, म्हणजे ऑफिसला जाताना अंधार आणि येताना पण अंधारच, त्यामुळे इथे मेणबत्ती म्हणजे फक्त वाढदिवसाची वस्तू नाही, दूध-ब्रेडसोबत घरात येते.

आता इथली खरी मजा म्हणजे बर्फाचा कंदील. बादलीत पाणी भरायचं, रात्री बाहेर ठेवायची. पाणी कडेने आणि वरून आधी गोठतं, मधलं तसंच राहतं. सकाळी बादली उलटी करायची, तळाकडचा पातळ थर फोडून आतलं पाणी ओतून द्यायचं, झाली मेणबत्तीला जागा. पण त्याला कडक थंडी लागते हो, आणि समुद्राकाठी डिसेंबरात पारा बऱ्याचदा शून्याच्या आसपासच रेंगाळतो, अंगणात बर्फ नाही नुसता चिखल, मग कसला कंदील? मग बरणी काढायची, तिला बाहेरून खोटा बर्फ लावायचा आणि आत मेणबत्ती, झाला कंदील.

(दृश्य: बरणी गरम पाण्यात. लेबल सुटतंय.)

लेबल निघतं पण त्याचा चिकटा राहतो, त्याला थोडं खोबरेल तेल आणि खायचा सोडा चोळा. नंतर साबणाने नीट धुवा, तेलकट काचेवर डिंक धरत नाही. बरणी रुंद तोंडाची घ्या बरं का. अरुंद बरणीत ज्योतीला हवा पुरत नाही, ती फडफडते आणि काच काजळीने काळी होते.

आता बर्फ, म्हणजे मीठ. साधं मीठ लावलं तर दिसतं छान, पण हवेत आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून घेतं, मुंबईत पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं माहितीये ना. म्हणून एप्सम सॉल्ट. हे मॅग्नेशियम सल्फेट, आपल्याकडे द्राक्षबागेत फवारतात तेच. याच्या खड्यात मॅग्नेशियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे 7 रेणू अडकलेले असतात, आणि इथे घरात हीटिंगमुळे हवा इतकी कोरडी की त्यातलं थोडं पाणी उडून जातं. मग काचेसारखे पारदर्शक खडे हळूहळू पांढरे, भुरभुरीत होतात. म्हणजे बरणी जुनी झाली की जास्त बर्फाळ दिसते, उलटंच आहे सगळं!

(दृश्य: ब्रश, पांढरा डिंक, ताटात मीठ. बरणी ताटात लोळवली जातेय.)

डिंक आपल्या फेव्हिकॉलसारखा पांढरा चालतो, वाळला की पारदर्शक होतो. तळाशी जाड थर, वर जाता जाता विरळ, कारण खरा बर्फही खालीच साचतो. काठाजवळ काही लावू नका. ताटात बरणी लोळवायची आणि रात्रभर वाळू द्यायची, मध्ये मध्ये बोट लावून बघायचं नाही. दुसरा हात द्यायचा तर द्या, पण तिसरा नको, मग उजेडच अडतो. खरं काम या खड्यांचं आहे, प्रकाश त्यांच्यावर आपटून सगळीकडे फुटतो, त्यामुळे ज्योत वेगळी दिसत नाही, अख्खी बरणीच उजळते. आणि ग्लिटर प्लीज नको, ते आठवडाभर जेवणात सापडतं.

मानेला सुतळी, त्यात पाइनचं एखादं छोटं फळ, बस. हे सगळं बाहेरून आणि काठाच्या खाली. बरणीच्या आत कापूस पसरून बर्फ करतात काही लोक, ते अजिबात करू नका, कापूस पेटतो. आत बोटभर मीठच टाका, ते जळत नाही, टी-लाईट (वाटीतली छोटी बुटकी मेणबत्ती) त्यावर सरळ बसतो आणि तळाच्या काचेला थेट आच लागत नाही. पेटवायला लांब काडी.

तापलेली बरणी उचलून बाहेर बर्फावर ठेवू नका, तळ एकदम आक्रसतो, बाजू गरमच असतात, काच तडकते. बाहेर ठेवायची तर न पेटवता न्या, गार होऊ द्या, मग पेटवा.

6 डिसेंबरला फिनलंडचा स्वातंत्र्यदिन, 1917 चा. संध्याकाळी 6 ते 8 खिडकीत दोन मेणबत्त्या लावायची इथे पद्धत आहे, म्हणून बरण्या दोन करा, आणि पडदे आधी बाजूला बांधून ठेवा. कंटाळा आला की कोमट पाण्यात भिजत टाका, मीठ विरघळतं, डिंक मऊ होऊन खरवडता येतो, आणि बरणीत परत लोणचं भरता येतं.