ओढता कोण?

नमस्कार श्रोतेहो. आज गुरुत्वाकर्षणाबद्दल बोलायचंय, पण सुरुवात करतो वेंगुर्ल्यापासून, मामाच्या कलमांतून.

मी दहा वर्षांचा असेन. आंबा तयार झाला की माकडं यायची. (आजही येतात, आता तर हक्कानं. फटाके झाले, बुजगावणी झाली. बागायतदारानं अजून करायचं काय, ते एकदा कुणीतरी सांगा. असो.) मामा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पेरूच्या फांदीची बेचकी करायचा. एका दुपारी त्यानं एक पट्टी माझ्या हातात दिली. "झटकन ताण आणि ओठाक लाव."

लावली. चक्क गरम!

"आता तशीच ताणून धर जरा. सोड. परत लाव." थंडगार.

"आता सांग, ओढता कोण?"

"रबर."

"रबराचो खंयचो भाग?"

मी गप्प. उत्तर मामाकडेही नव्हतं. त्यानं दगड लावला, नेम धरला, माकड उडालं आणि पडवीचं कौल फुटलं. मामी बाहेर आली तेव्हा बेचकी माझ्या हातात होती. ती कशी आली, ते मामालाच ठाऊक.

उत्तर कॉलेजात मिळालं. रबराचे रेणू म्हणजे लांबलचक धागे, कोपऱ्यात टाकलेल्या जाळ्यासारखे गुंतलेले. ताणलं की सरळ होतात, उष्णतेच्या धडपडीनं पुन्हा गुंततात. ओढ एकट्या धाग्यात नाही, ओढ आहे गुंत्यात. पुन्हा सांगतो: ओढ धाग्यात नाही, गुंत्यात.

गुरुत्वाकर्षणही असंच असेल का? न्यूटननं १६८७ मध्ये त्याला बल म्हटलं, आइन्स्टाइननं १९१५ मध्ये अवकाश-काळाची वक्रता, म्हणजे जड वस्तूभोवती अवकाशाला आणि काळाला आलेला बाक. १९९५ मध्ये टेड जेकबसन या भौतिकशास्त्रज्ञानं आइन्स्टाइनची समीकरणं उष्णतेच्या हिशेबातून काढून दाखवली. २०१० मध्ये दुसरे भौतिकशास्त्रज्ञ एरिक व्हर्लिंडे तर म्हणाले, ही ओढ रबरासारखीच. आणि आपल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले थाणू पद्मनाभन वर्षानुवर्षं याच मागे होते. वेग वाढवत जाणाऱ्याला रिकामं अवकाशही ऊबदार भासेल, हे विल्यम अन्रूचं १९७६ चं गणित. पद्मनाभन म्हणायचे, जे तापतं त्याच्या आत बारीक काहीतरी हलत असणार. म्हणजे अवकाशालाही धागे! ते धागे कसले, हे अजून कुणाला सापडलेलं नाही, आणि प्रयोगानंही शिक्कामोर्तब केलेलं नाही.

घरी ट्यूब नसेल तर फुगा चालेल. फुगवायचा नाही हं, नुसता झटकन ताणायचा आणि ओठाला लावायचा. नमस्कार.