माणसांकडून नव्हे

(पडद्यावर: पपायरसचं तपकिरी पान, खालची कड झिजलेली.)

ही ग्रीक अक्षरं इसवी सन 200 च्या सुमारास कोणीतरी नकलून घेतली. येशूची सुवार्ता सांगत फिरणाऱ्या पौलाच्या पत्रांच्या सर्वांत जुन्या प्रतींपैकी ही एक. गलतीकरांना लिहिलेलं पत्र हिच्यातच आहे, आणि त्यात पौल पहिल्याच वाक्यात बजावतो: मी प्रेषित, म्हणजे पाठवलेला दूत, आहे तो माणसांकडून नव्हे, कोणा माणसाच्या हातूनही नव्हे, येशू ख्रिस्त आणि देवपित्याकडून.

एवढी घाई का? गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला एक प्रदेश; तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांत त्याच्यामागून दुसरे शिकवणारे आले होते. नुसता विश्वास पुरत नाही, सुंताही करून घ्या, असं सांगणारे. आणि पौल काही येशूच्या बारा शिष्यांतला नव्हता. उलट मंडळीचा छळ करायला दिमिष्काकडे, म्हणजे दमास्कसकडे, निघालेला माणूस तो. शौल हे त्याचंच दुसरं नाव.

त्या वाटेवरच आकाशातून प्रकाश चमकला आणि येशूची हाक आली: ‘शौला, शौला, माझा छळ का करतोस?’ मला मात्र त्या प्रकाशापेक्षा पुढचं जास्त भिडतं. ज्याच्या धाकाने लोक धास्तावले होते, तोच आता दिसत नाही म्हणून दुसऱ्यांचा हात धरून गावात शिरतो. ‘नीट’ नावाच्या रस्त्यावरच्या घरात तीन दिवस अन्नपाण्याविना बसून राहतो. मग येशूचा तिथला एक शिष्य, मनातून घाबरलेला हनन्या येतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘शौल भाऊ.’

हाक देवाची, पण डोळे उघडले ते एका माणसाचा हात लागल्यावर.

गलतीकरांच्या पत्रात हनन्याचं नावही नाही. मी कोणाचा सल्ला घेतला नाही, अरबस्तानात गेलो, असं पौल लिहितो. तीन वर्षांनी यरुशलेमेत केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, पंधरा दिवस राहिला. पण करिंथकरांना तोच सांगतो: ख्रिस्ताचं मरण, पुरलं जाणं, तिसऱ्या दिवशी उठणं, हे मला जसं मिळालं तसंच तुम्हांला सोपवलं.

यात विसंगती आहे असं मला वाटत नाही. पाचारणासाठी, म्हणजे देवाच्या त्या हाकेसाठी, त्याने कोणाची मंजुरी मागितली नाही. शिकवण मात्र ताडून पाहिली. चौदा वर्षांनी तो पुन्हा यरुशलेमेत गेला, आपली धाव व्यर्थ तर नाही ना, या काळजीने. मंडळीचे आधारस्तंभ मानले जाणारे याकोब, केफा आणि योहान यांनी सोबतीची खूण म्हणून त्याला उजवा हात दिला.

पत्र संपत आल्यावर तो स्वतः लेखणी हाती घेतो. पाहा, म्हणतो, किती मोठ्या अक्षरांत मी माझ्या हाताने लिहितोय.