टाकीत उरलेले डिझेल

श्रोतेहो, नमस्कार.

मालवण ते वेंगुर्ले या पट्ट्यातील पतसंस्था, मच्छीमार सोसायट्या आणि काजूचे कारखाने यांच्यासाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहिणे आणि ते चालू ठेवणे हा माझा गेल्या सत्तावीस वर्षांचा व्यवसाय आहे. आमच्या या व्यवसायाला काही आचारधर्म आहे का, असल्यास तो कोणता, याविषयी आज बोलायचे आहे.

आपल्या घरात विजेची जोडणी करणाऱ्या वायरमनला परवाना लागतो, डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते, आणि मासे पकडायला जाणाऱ्या होडीलासुद्धा नोंदणी व परवाना लागतो. संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र यातले काहीही लागत नाही. उद्या सकाळी कोणीही बाजारपेठेत गाळा भाड्याने घेऊन, पाटी लावून, तीनशे सभासदांचे पैसे ज्या प्रोग्रामवर अवलंबून राहतील तो प्रोग्राम विकू शकतो. मीही तसाच सुरू झालो.

लिखित संहिता नाहीत असे नाही. अमेरिकेत १९४७ साली स्थापन झालेल्या ‘असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी’ या संस्थेची आचारसंहिता आहे आणि ती २०१८ मध्ये नव्याने लिहिली गेली. आपल्याकडे ‘कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया’ १९६५ पासून काम करते. अमेरिकेतील त्या संहितेत कोणाचे नुकसान होऊ देऊ नका, खरे बोला, लोकांची खासगी माहिती जपा आणि जे काम येत नाही ते अंगावर घेऊ नका, असे साधारण आपल्या आजीने सांगावे तसे नियम आहेत. कायद्याचे म्हणाल, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे; सेवा देताना हाती आलेली कोणाची खासगी माहिती, त्याचे नुकसान करण्याच्या किंवा स्वतःचा फायदा करून घेण्याच्या हेतूने, त्याच्या संमतीवाचून बाहेर दिली, तर या कायद्याच्या कलम ७२-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहिती फुटली तर ती ज्याची आहे त्याला कळवण्याचे बंधन घातलेले आहे. हे सगळे महत्त्वाचे आहे. परंतु पासवर्ड कसा जपावा हे श्रोत्यांनी पुष्कळदा ऐकलेले असल्यामुळे मी या सर्व नियमांतला एकच नियम आज घेतो, आणि तो म्हणजे खरे बोलण्याचा. पुन्हा सांगतो, खरे बोलण्याचा. यंत्राच्या आत पाहण्याची सोय ज्याला आहे, त्याने न पाहता ‘सगळे ठीक आहे’ असे सांगणे हेही खोटेच बोलणे आहे.

जाता जाता एक सांगतो. कचेऱ्यांतून हल्ली ‘सिस्टीम घेत नाही हो’ हे जे वाक्य ऐकू येते, ते मला मनापासून नावडते. सिस्टीम ही काही पावसासारखी आभाळातून पडलेली नाही. ती कोणीतरी लिहिली आहे, कोणीतरी तपासून ‘चालते’ म्हणून सही केली आहे, आणि त्या माणसांना पगार मिळालेला आहे.

न पाहता ठीक म्हटल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण ब्रिटनमधील आहे. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली आपल्या शाखांमध्ये बसवली. आपल्याकडे खेड्यातील शाखा डाकपाल असतात, तशी तेथे छोट्या शाखा चालवणारी माणसे आहेत, आणि हिशेबात तूट आली तर ती खिशातून भरण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकलेली होती. प्रणालीतील दोषांमुळे नसलेल्या तुटी दिसू लागल्या. प्रणाली भक्कम आहे, असे वरून सांगितले जात राहिले आणि पुढील सोळा वर्षांत नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब या आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, काहींची घरे गेली. प्रणालीत दोष होते हे न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले, आणि २०२४ मध्ये खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. त्यातील एक दोष स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन या गावाच्या नावाने ओळखला जातो. तेथे २०१५ मध्ये ८,००० पौंडांची रोकड जमा करून घेताना पडदा थिजला, एंटरचे बटण पुन्हा पुन्हा दाबले गेले, प्रत्येक दाबण्याची नोंद गुपचूप होत गेली, आणि २४,००० पौंडांची तूट हिशेबात उभी राहिली. हे एंटरचे बटण श्रोत्यांनी लक्षात ठेवावे.

आपल्याकडे संगणकातील नोंद न्यायालयात पुरावा म्हणून द्यायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होते, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे आणि त्यावर संगणकाचा ताबा असणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते. ती सही उद्या माझ्यासारख्याच कोणाची तरी असणार. म्हणून आता माझीच गोष्ट सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावरील एका मच्छीमार सोसायटीला मी डिझेलविक्रीचा प्रोग्राम लिहून दिला होता. सोसायटीचे नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. प्रोग्राम फॉक्सप्रो या जुन्या संगणकभाषेत होता, प्रिंटर डॉट मॅट्रिक्सचा होता. (त्या प्रिंटरसारखे दणकट यंत्र पुन्हा झाले नाही, हल्लीचे प्रिंटर शाईच्या नावाने घर लुटतात.) मासेमारीची पावसाळी बंदी संपली की नारळी पौर्णिमेच्या आगेमागे सगळ्या होड्या एकदम समुद्रात उतरू पाहतात, आणि त्या चार-सहा दिवसांत बर्फ आणि डिझेल यांच्यासाठी जी झुंबड उडते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. ज्यांची उधारीची मर्यादा संपलेली असते, ते रोख भरून बॅरल घेतात.

बिलाच्या खिडकीवर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी बसत असे. बी.कॉम. झालेली, हाताने झपाझप काम करणारी. त्या ऑगस्टच्या मध्यावर रोकड मोजली तेव्हा संगणकातील आकड्यापेक्षा पेटीत १७,०२० रुपये कमी भरले. संचालकांची सभा बसली आणि मला बोलावणे आले. चेअरमनसाहेबांनी मला सगळ्यांसमोर सरळ विचारले, “सॉफ्टवेअर चुकू शकते काय हो?”

ती मुलगी दाराजवळ उभी होती. तिच्या हातात बिलांची कार्बन प्रत असलेले पुस्तक होते आणि ती ते उघडून दाखवण्याची वाट पाहत होती. मी ते पाहिले नाही. मी संगणकही उघडून पाहिला नाही. मी म्हणालो, “साहेब, संगणक चुकत नाही, माणूस चुकतो.” सभेत दोघेतिघे हसले. मग चहा आला. पगारातून दरमहा दीड हजार कापून घ्यायचे ठरले आणि मी शेवटची गाडी गाठून घरी आलो.

दहा-बारा दिवसांनी माझ्या दुकानाच्या पायरीवर तात्या येऊन बसले. तात्या म्हणजे सोसायटीच्या पंपावरचे म्हातारे कामगार. उभा जन्म तांडेल म्हणून, म्हणजे होडीचा म्होरक्या म्हणून काढलेला, गुडघे गेल्यावर पंपावर आलेले. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून शाळकरी वही काढली. पंपाच्या मीटरचा सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा आणि टाकीत काठी बुडवून घेतलेली डिप, असे रोजचे तीन आकडे पेन्सिलीने लिहिलेले होते. ही वही सभेपुढे कोणी मागितलीच नव्हती, कारण सभेला काळजी पैशांची होती. तात्यांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “सायबानू, चोर पैशे नेतलो, पण टाकयेत डिझेल कित्याक वततलो?” म्हणजे, चोर पैसे नेईल, पण टाकीत डिझेल कशाला ओतेल?

मला प्रथम काही कळेना. मग बेरीज केली. संगणकाच्या हिशेबाने जितके डिझेल विकले गेले होते, त्यापेक्षा मीटरने ४६० लिटर कमी सोडले होते. डिपमध्ये दहा-वीस लिटर इकडेतिकडे होतातच, पण टाकीतही तेवढेच जास्त दिसत होते. भाव ३७ रुपये. ४६० गुणिले ३७ म्हणजे १७,०२०. पै-पैचा मेळ. पैसे गेलेच नव्हते, कारण डिझेलच विकले गेले नव्हते. विकल्याची नोंद तेवढी झाली होती.

त्याच संध्याकाळी सोसायटीत जाऊन मी नोंदी एकेक करून पाहिल्या. २०० लिटरचे एक, १६० चे एक आणि १०० चे एक, अशी तीन बिले लागोपाठच्या दोन-दोन क्रमांकांनी पडलेली होती. तोच गिऱ्हाईक, तीच होडी, वेळेत मिनिटाचाही फरक नाही. झाले होते ते असे. व्होल्टेज पडले की प्रिंटर अडखळायचा आणि दहा-पंधरा सेकंद पडदा थिजायचा. समोर रांग, मागून आरडाओरड, म्हणून ती मुलगी दोन-तीनदा एंटर दाबायची. ती दाबणी कीबोर्डच्या रांगेत साठून राहायची आणि प्रिंटर मोकळा होताच पहिली दाबणी तेच बिल नव्या क्रमांकाने जमा करायची, तर दुसरी ‘छापायचे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देऊन टाकायची. दुसऱ्या बिलाचा कागद निघतच नव्हता, त्यामुळे तिला ते दिसणे शक्य नव्हते. मला शक्य होते. बिल जमा केल्यावर ती साठलेली दाबणी पुसून टाकणारी एक ओळ मी लिहायला हवी होती. एकच ओळ. आणि सभेच्या दिवशी तिच्या हातातील कार्बनचे पुस्तक संगणकातील यादीशेजारी ठेवले असते, तर पाच मिनिटांत ही तीन बिले जादा दिसली असती.

पुढच्या सभेत मी उभा राहून हे सांगितले. कोणी हसले नाही. कापलेले दीड हजार परत देण्याचा ठराव झाला. सभा उठल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, तोंडी नको. तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या.” गावात एकदा बोल लागला की तो ठरावाने जात नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

मी तिथेच बसून पत्र लिहिले. सदर तूट ही रोकड कमी असल्यामुळे नसून प्रोग्राममधील चुकीमुळे दिसत होती, असे वाक्य लिहून सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो दोनदा वाचला, माझेच पेन उचलले, ‘प्रोग्राममधील’ या शब्दाच्या आधी काकपद काढले आणि कागद माझ्याकडे परत दिला. मी तिथे ‘माझ्या’ हा शब्द घातला आणि शेजारी पुन्हा सही केली.

नमस्कार.