तिजोरी रस्त्यावरून दिसते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. बँकेची जुनी इमारत आठवून पाहा. दगडी खांब, उंच पायऱ्या, ढकलायला जड असा दरवाजा. फिलाडेल्फियात 1824 साली पूर्ण झालेली सेकंड बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स तर थेट ग्रीसच्या पार्थेनॉन मंदिरावर बेतलेली. त्या काळी बँक बुडाली की पैसे गेलेच, म्हणून दगडाने धीर द्यायचा. अमेरिकेत 1933 च्या कायद्याने ठेवींना विम्याचं कवच मिळालं आणि भिंतींवरचा हा भार हलका झाला.

मग 1954 साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्ट कंपनीची शाखा उघडली. वास्तुरचनाकार गॉर्डन बनशाफ्ट. तिजोरी तळघरात लपवायची, ही जुनी रीत. इथे सुमारे 30 टनांचा पोलादी दरवाजा रस्त्यालगत, काचेमागे! त्याचं रूप ठरवलं होतं हेन्री ड्रायफस यांनी. वरवर पाहता वेडेपणाच. पण लख्ख उजेडात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्या दाराला हात लावायची कोणाची छाती होणार? रस्त्यावरचा प्रत्येक माणूस बिनपगारी पहारेकरी.

पुढे जगभर बँकांनी काच उचलली. काच लावली की बँक आपलीशी वाटते, हे मला मात्र पटत नाही. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या माणसाला दाराशी एक पायरी आडवी आली, काउंटर छातीच्या वर राहिला, तर त्या चकचकाटाचं करायचं काय?

आणखी एक गोष्ट आहे. 1967 साली लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने पैसे देणारं यंत्र बसवलं. तेव्हापासून साधी कामं हळूहळू दाराबाहेर गेली. आज जो आत येतो, तो बहुधा गुंता घेऊन येतो. कर्ज थकलंय, खात्यातून पैसे गायब झालेत, घरातलं माणूस गेलंय आणि वारसाची कागदपत्रं पुरी होत नाहीत. अशा माणसाला आपण मोकळ्या दालनात, सगळ्यांच्या नजरेसमोर बसवतो आणि त्याला स्वागतशील रचना म्हणतो!

काच असू द्या, पण रस्त्याच्या बाजूला. आतल्या बोलण्याच्या खोलीला बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत धूसर काच पुरते. त्या खोलीचं दार लावल्यावर आवाज बाहेर येतो का, एवढं उद्घाटनाआधी कोणीतरी बाहेर उभं राहून ऐकून घ्यावं.