जुन्या गाडीचा रंग: पॉलिश मारण्याआधी हे एकदा बघा

नमस्कार मंडळी. हे पांढरं फडकं बघा. या निळ्या पद्मिनीच्या डिकीच्या कोपऱ्यात, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं, थोडं पॉलिश लावून हलकं घासतो. आलं निळं! म्हणजे हिच्यावर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नाही, जुन्या पद्धतीचा एकाच थराचा रंग आहे. आणि फडक्यावर आलाय तो मळ नव्हे, गाडीचा रंग. क्लिअर कोट असता तर रंग उतरला नसता.

पॉलिशनं रंग वाढत नाही, झिजतो. आजच्या गाडीवर कंपनीतनं येणारे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यात क्लिअर ४०-५०, आणि ऊन सोसणारं द्रव्य मुख्यतः त्यातच. दर दसऱ्याला हौसेनं मशीन फिरवून घेणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

आमच्या बेळगावात उद्यमबागेकडं एक पेंटर मामा होते. आता नाहीत. पत्रा ठोकून, पुट्टी भरून, सरफेसर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारला की मामा त्यावर काळ्या रंगाचा अगदी पातळ फवारा मारायचे. वाळला की रबराच्या ठोकळ्याला ४०० नंबरचा पाण्याचा पेपर गुंडाळून तिरकं घासायचं. उंचवट्यावरचा काळा लगेच निघतो, खोलगट जागी तेवढा उरतो. दारावर नखाएवढा काळा डाग राहिला तरी मामा परत पुट्टीचा डबा उघडायचे.

गिऱ्हाईक वैतागायचं, "मामा, काय दिसत नाही ओ, मारा की रंग!"

"आत्ता दिसत नाही. चकाकी आल्यावर दिसतंय की," एवढं बोलून पुढं काम सुरू.

शेवटी पातळ कापडावरनं तळवा फिरवायचे. कापडामुळं हात अडखळत नाही, उंचसखल नेमकं कळतं. तुम्हीही करून बघा. आणि नव्या रंगाला निदान महिनाभर वॅक्स लावू द्यायचे नाहीत, आतला थिनर उडून जायला पाहिजे म्हणून.

आता आपल्या भागाचं. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत. लोखंडाचे बारीक कण बॉनेटवर बसतात, पाणी लागलं की गंजतात. पांढऱ्या गाडीवर केशरी ठिपके दिसतात ते हेच. त्यावर रबिंग, म्हणजे खरखरीत पॉलिशनं घासणं, नको. गाडी धुवून, भरपूर शाम्पूचं पाणी ठेवून क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, हलक्या हातानं फिरवा. क्ले खाली पडला तर सरळ टाकून द्या, त्याला चिकटलेली खडी रंगावर ओरखडे काढते. सकाळी दवावर कोरडं फडकं मारायची सवय तर आजच सोडा.

पावसाळ्यात ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका. आत वाफ कोंडते आणि जुन्या रंगाला फोड येतात.

खानापूर, जांबोटीकडं पावसात जाऊन आलात तर दाराच्या खालच्या कडेची भोकं बघा. तांबड्या चिखलानं ती बुजली की पाणी दारात साचतं आणि पत्रा आतनं सडतो. वरनं कितीही ड्युको, म्हणजे गाडीचा फवारायचा रंग, मारा, फुगणारच. अशी प्लास्टिकची काडी घाला. हा बघा, केवढा चिखल आला! आता पाणी सोडून धुवायचं, दारं उघडी ठेवून पूर्ण वाळवायचं, मगच आतनं कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण. भोकं तेवढी मोकळी ठेवा.