पदकाची कड

(परळची चाळ. पत्र्याची ट्रंक उघडते.)

ट्रंक आजींच्या माहेरची. आत दोन नऊवारी, कुंकवाचा करंडा आणि फडक्यात बांधलेलं हे पदक. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. लहानपणी आजींना वाटायचं, हा खंडोबाच. काही वर्षं तो देव्हाऱ्यात होता.

पण बघायची ती कड.

(पदकाची कड, जवळून)

पहिल्या महायुद्धाच्या या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. इथे दर दसऱ्याला राखेनं घासून नाव गेलंय. कृपा करून घरची पदकं घासू नका! नंबर मात्र लागतो. पलटणही लागते: १०३ मराठा, म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ ती आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली होती. घरात एवढंच माहीत, की आजींचे आजोबा ‘बसऱ्याला गेले’.

(नातू संगणकासमोर)

ही राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची, युद्धात गेलेल्या सैनिकांची यादी. आडनावावरून शोधायला गेलात तर फसाल. कारकुनानं कानावर पडलं तसं इंग्रजीत उतरवलंय. जाधव कुठे जादव, कुठे जादो. म्हणून नंबर टाकायचा. नंबर जुळला आणि खाली चक्क वडिलांचं नाव, गाव, तालुका. तालुका खेड. कुठलं खेड? नातवानं दोन दिवस पुण्याजवळच्या खेडात घालवले. गाव निघालं रत्नागिरीतलं, जगबुडीच्या खोऱ्यातलं.

इराकमधल्या बसऱ्याला या मृतांचं स्मारक आहे, १९२९ सालचं. गोऱ्या सैनिकांची त्यावर नावं कोरली. आपल्या साध्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा.

(गावचं घर. वाळवी लागलेलं पेन्शनबुक.)

भावकीतल्या माळ्यावर हे मिळालं. पेन्शन विधवेच्या नावे, म्हणून चेहरेपट्टीही तिचीच: रंग सावळा, हनुवटीवर गोंदण, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. नवरा परतला नाही. मुलगा पुढे मुंबईत गिरणीत लागला. दोघा नवराबायकोंचा एकही फोटो नाही. दर महिन्याच्या खान्यात मात्र डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. सुरुवातीचे ठसे ठळक, मागच्या पानांवरचे फिकट, रेषा झिजलेल्या.

(आजी पानं उलटतात. इथे निवेदन नाही.)