गळती कुणाच्या खाती?

नमस्कार, श्रोतेहो. आमच्याकडे पाइपचा गॅस आला, तेव्हा जोडणी करणाऱ्या मुलाने वाटीत साबणाचा फेस केला आणि एकेका सांध्यावर बोटाने थापला. कॉकपाशी इवलासा बुडबुडा फुगला. त्याने पाना फिरवला, परत फेस लावला. मग म्हणाला, "हं, आता टाका चहा, काकू."

हा गॅस म्हणजे बहुतांशी मिथेन. त्याला स्वतःचा वास नसतो. घरात येतो तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला. जमिनीतून गॅस काढतात त्या विहिरीपाशी तो वास नसतोच. तिथे झडपेतून, कॉम्प्रेसरमधून गॅस निसटला तर कुणाच्या नाकाला पत्ता लागत नाही. आणि २० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरतो. बरं एवढंच, की तो साधारण १२ वर्षांत विरतो. आज गळती थांबवली, तर फरक आपल्या हयातीत दिसेल.

आपल्या देशाला लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. उणे १६२ अंशांना द्रव करून जहाजात भरलेला, दहेजला उतरतो, आपल्या कोकणात दाभोळला उतरतो. गळती तिकडे, चहा इकडे. मग ती मांडायची कुणाच्या खाती?

२०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत अनेक देशांनी २०३०पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवायची शपथ घेतली. शपथच ती, मोडली तर दंड नाही. मला जास्त भरवसा वाटतो तो गिऱ्हाइकाचा. जपानची जेरा आणि कोरियाची कोगॅस या बड्या खरेदीदार कंपन्यांनी २०२३मध्ये पुरवठादारांना विचारायला सुरुवात केली: तुमच्या प्रकल्पातून किती मिथेन सुटतो, मोजता कसा? २०२४मध्ये युरोपीय संघाने तर कायदाच केला. बाहेरून तेल, वायू, कोळसा आणणाऱ्याने मिथेनचा हिशेब टप्प्याटप्प्याने द्यायचा. विहिरीवरचा फेस म्हणजे इन्फ्रारेड कॅमेरा. मोठी गळती असेल तर उपग्रहालाही दिसते.

भारताने ग्लासगोची शपथ घेतली नाही. आपला मिथेन मुख्यतः भातखाचरांतला आणि गुराढोरांचा, छोट्या शेतकऱ्यावर बोजा नको, ही भूमिका मला पटते. पण फेब्रुवारी २०२४मध्ये पेट्रोनेट या आपल्या गॅस आयात करणाऱ्या कंपनीने कतारशी करार वाढवला: वर्षाला ७५ लाख टन द्रव गॅस, २०२८ ते २०४८. त्यात ना भात, ना म्हैस. एवढं मोठं गिऱ्हाईक आहोत, तर फेसाची वाटी आपणही मागायला काय हरकत आहे?